दाब पुरेसा होता

टाकीच्या आत कडाड् असा आवाज झाला आणि मीटरचा आकडा शून्यावर कोसळला. ठरलेल्या व्होल्टेजच्या बऱ्याच खाली ठिणगी पडली होती, आणि तीही सलग तिसऱ्यांदा. नमिराने कपाळावर हात मारून घेतला.

"म्याडम, दाब तर बरोबर हाय," फिटर नवनाथ म्हणाला. "काटा हिरव्यात हाय."

"टाकीत नुसती हवा भरली ना, तरी तो काटा हिरव्यातच राहील, नवनाथ!"

खालापूरजवळच्या या कारखान्यात वीज उपकेंद्रांसाठी बंदिस्त स्विचगिअर, म्हणजे वीज जोडायची-तोडायची यंत्रणा, बनत असे. टाकीतल्या वाहक दांड्यावरून विजेने बाहेरच्या कवचावर उडी मारू नये, म्हणून आजवर तिच्यात एकच वायू भरत. तो काम चोख करी. पण गळला की हजारो वर्षे हवेत राहून पृथ्वी तापवी. त्याच्या जागी नमिराने दोन वर्षे खपून एक मिश्रण सिद्ध केले होते: बहुतांश कार्बन डायऑक्साइड, आणि त्यात खरे काम करणारा थोडासा महागडा वायू. आज दुपारी ग्राहक कंपनीच्या निरीक्षकांसमोर ही टाकी टिकली नाही, तर व्यवस्थापन हे काम गुंडाळून जुन्या वायूकडे परतणार होते.

कालपासून तिने ट्रान्सफॉर्मरवर संशय घेतला, जोडण्या तपासल्या, खालापूरच्या दमट हवेला शिव्या दिल्या. मिश्रण मोजायचे यंत्र दुरुस्तीला गेले होते. ते आज सकाळी परत आले. तिने ते आता टाकीला जोडले. महागडा वायू हवा होता त्याच्या निम्माच निघाला.

"कोणी हात लावला टाकीला?"

"आईशप्पथ, मी नाय. रविवारी तुमी लग्नाला गेल्या होत्या ना, तवा व्हॉल्वपाशी गळत होतं. दाब अर्ध्यावर आला. मी जगदीश सरांना फोन लावला. त्यांनी येऊन व्हॉल्व आवळला, दाब भरून दिला."

नमिरा तडक जाऊन पोहोचली, तेव्हा विभागप्रमुख जगदीश सर चहा पीत होते.

"हो, वेल्डिंगच्या शेडमधला सिलिंडर लावला," ते सहज म्हणाले. "तुझ्या मिश्रणात नव्वद टक्क्यांच्या वर कार्बन डायऑक्साइडच आहे ना?"

"सर, दुधातही बहुतेक पाणीच असतं!"

"अगं, आयुष्यभर आम्ही असंच भरत आलो. दाब उतरला की भरायचा."

"तेव्हा टाकीत एकच वायू होता. कितीही ओतला तरी तोच!"

सरांनी कप खाली ठेवला. चूक त्यांच्या ध्यानात आली होती. मघाच्या बेफिकिरीची जागा आता काळजीने घेतली.

"गॅस परत खेचून, टाकी निर्वात करून, नव्याने भरायला उद्याची संध्याकाळ होईल. त्यापेक्षा चाचणी होऊ दे. ठिणगी पडली तर म्हणू, नवा गॅस अजून कच्चा आहे. कुणाचं नाव येणार नाही."

"माझ्या गॅसचं येतं ना! जो तपासलाच नाही, त्याला नापास करायचं?"

याच माणसाने वरिष्ठांशी भांडून तिला ही टाकी मिळवून दिली होती. ते आठवले, आणि त्यामुळे तिला धड ओरडताही येईना.

निरीक्षक अक्षदा म्हात्रे आल्या तेव्हा नमिरा दारातच उभी राहिली.

"मॅडम, आज चाचणी नको. टाकीत चुकीचं मिश्रण आहे."

"एक्स्प्रेस वेवर दोन तास रखडून मी हे ऐकायला आले? कोणी भरलं?"

मागून खाकरल्याचा आवाज आला.

"मी," जगदीश सर म्हणाले. दुसऱ्याच कोणावर तरी चिडावे, तसा त्यांचा सूर होता.

म्हात्रेबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "नापास लिहीत नाही. चाचणी झाली नाही, एवढंच लिहिते. पण महिनाभर तरी तारीख मिळणार नाही. तोवर तुमचे साहेब थांबतील का, ते मला विचारू नका."

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली.

"साहेबांकडे मी जातो," सर म्हणाले. "तू आलीस तर भांडशील."

"भांडणारच."

"म्हणून तर म्हणतो, इथेच थांब."

ते जिना चढून गेले. नवनाथने गॅस खेचायच्या पंपाची नळी टाकीला जोडली आणि बटणापाशी घुटमळला.

"म्याडम, वर काय ठरतंय ते बघू का आदी?"

"नको," नमिरा म्हणाली. "पंप सुरू कर."