शहाण्या मुलीचा वॉल्ट्झ

कुटुंब हा समाजाचा अभेद्य किल्ला आहे, असं आमच्या वस्तीच्या पाद्रीबाबांनी एका रविवारी ठणकावून सांगितलं. त्याच आठवड्यात चर्चचा पितळी नळ चोरीला गेला.

नळ नेला होता रुफिनोच्या पोरानं, दारिओनं. पाको नावाच्या स्वस्त नशेच्या पुड्या ओढायला लागल्यापासून त्यानं घरातला पंखा, गॅसची टाकी आणि आईचं शिवणयंत्रही विकून खाल्लं होतं. शेवटी बापानं त्याला मागच्या खोलीत कोंडलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि दाराबाहेर परसात खुर्ची टाकली. व्यसन सोडवणाऱ्या केंद्रात जागा मिळेपर्यंत हेच केंद्र.

धाकट्या यामिलाला घरात एकच काम होतं: शहाणी असणं. शाळेच्या सभेला कुणी गेलं नाही, रात्री चूल पेटली नाही, की आई, नेलिदा, म्हणायची, तू शहाणी आहेस ना. हे बक्षीस इतक्यांदा मिळालं, की पोरीचा चेहरा समारंभांना कंटाळलेल्या मंत्र्यासारखा झाला होता.

तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली. आमच्यात पंधराव्या वाढदिवसाला मुलगी आधी बापाबरोबर वॉल्ट्झ नाचते, मग भावाबरोबर. क्लबात सगळी वस्ती जमली. रुफिनोचा नुसता निरोप आला: दार सोडलं तर पोरगा हातचा जाईल, मामाबरोबर नाच, तू शहाणी आहेस.

यामिलानं घेरदार झगा दोन्ही हातांनी उचलला आणि चिखल तुडवत घर गाठलं. मागोमाग आम्ही, स्पीकर घेऊन.

रुफिनो खुर्चीतून उठला.

"आज मी शहाणी नाहीये, बाबा," ती म्हणाली. "की मीही पुडी ओढू? मग बसशील माझ्या दाराशी?"

रुफिनोनं हातातला माते नावाच्या कडू चहाचा पेला खाली ठेवला. कुणीतरी वॉल्ट्झ लावला. तो नाचू लागला, पण डोळे दाराकडे. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

आतून दारावर बसणाऱ्या लाथा थांबल्या. मग दारिओचा आवाज आला, कित्येक दिवसांनी माणसासारखा.

"बाबा, उघड ना. आता माझी पाळी."

पदर असता तर नेलिदानं तो तोंडाला लावला असता. तिनं हात लावला. रुफिनोचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. यामिलानं तो धरून पुन्हा आपल्या कमरेवर ठेवला.

"दादा, थांब. माझं अजून संपलं नाही."

आम्ही सगळे चिखलाकडे बघत राहिलो.

"आणि बाबा," ती हळूच म्हणाली, "जरा माझ्या पायावरून उतर."