कुशाबाईचं ‘बरं हाय’

“आत्या, तुमच्या त्या झोपंच्या गोळ्यातली एक मला द्या की.”

कुशाबाईचा हात गाईच्या सडावरच थांबला. सून रेश्मा गोठ्याच्या दारात उभी होती. अंगात कालचाच गाऊन, केसांना फणी नाही. आत पाळण्यात दोन महिन्यांचा शंभूराज रडत होता आणि त्याची आई तिकडं मानसुद्धा वळवत नव्हती.

“तुला कशाला गं ती?”

“झोपच न्हाय. बाळ झोपलं तरी डोळं मिटत न्हाईत. तुमाला गुण आलाय न्हवं? तुमीच सांगता समद्यांस्नी.”

सांगत होती खरी. नवरा दत्तोबा गेला तेव्हापासून कुशाबाईची झोप उडाली होती. रात्रीची लाइट आली की दत्तोबा उसाच्या पाण्याची मोटार चालू करायला उठायचा. आता उठणारं माणूस नव्हतं, तरी त्या वेळेला हिला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागायचा नाही. शेवटी शेळगावातून ती बारामतीच्या दवाखान्यात गेली. तिथं झोपेच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. अफशीन नावाच्या तिथल्या मुलीनं शेजारी बसून सगळं समजावलं. काही जणांना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. “फक्त जसं असेल तसं सांगायचं, मावशी.” कुशाबाईनं मान डोलावली होती.

आणि पहिल्याच तपासणीला अफशीननं “झोप कशी आहे?” विचारलं, तर हिच्या तोंडून आपसूक निघालं, “बरं हाय.”

दुसरं काय निघणार? जन्मभर तिनं हेच म्हटलं होतं. पहिल्या सणाला माहेरी गेली तेव्हा आईला, बाळंतपणात सुईणीला, दत्तोबाच्या दहाव्याला आलेल्या बायकांनासुद्धा. त्यात ही पोर बसायला खुर्ची देणारी, चहा पाजणारी, एसटीचं भाडं हातावर ठेवणारी. तिला तोंडावर ‘तुझ्या गोळीनं काय झालं न्हाय’ म्हणायचं म्हणजे जेवू घालणाऱ्या बाईला ‘भाजी बिघडली’ म्हणण्यासारखं. वर तिला साहेब लोक बोलले तर? पुढच्या खेपेला कुशाबाईनं तिखटमीठ लावून सांगितलं, “लई गुण आला बघ.” मग गावातही तेच, घरातही तेच.

तिचं ते खोटं आता गोठ्याच्या दारात उभं राहून हात पसरत होतं.

“गोळी न्हाय मिळायची,” ती उठत म्हणाली. “उद्या माझी तपासणी हाय. तू चल संगं.”

“मला काय झालंय? मी बरी हाय.”

आवाज सुनेचा होता, उत्तर कुशाबाईचं स्वतःचं.

जेवताना कुशाबाईनं दवाखान्याचा विषय काढला, तसं मुलानं, यशराजनं ताट बाजूला सारलं. “बाळंतिणीला डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायचं? तिच्या माहेरी कळलं म्हंजी? दृष्ट लागली आसंल, उतरून टाक.”

“मीठ-मिरच्या परवाच उतरल्या. आता डॉक्टर. सकाळी दूध तू घाल डेअरीला, आन् वैरणीचं बघ.”

“आन् कुणी इचारलं तर?”

“सांग, सासू-सुना बांगड्या भराय गेल्यात. न्हायतर खरं सांग. तुला जमंल ते.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अफशीननं नेहमीसारखं पेन उघडलं. “झोप कशी आहे, मावशी?”

ते दोन शब्द जिभेवर येऊन बसलेच होते. कुशाबाईनं ते गिळले.

“न्हाय लागत. गोळी न चुकता घेतली, पर एक रात धड झोप न्हाय. मागं सांगितलं ते समदं खोटं.”

अफशीननं पेन खाली ठेवलं. “खोटं कशाला सांगितलंत?”

“तुला वाईट वाटंल म्हणून. तुझी नोकरी जाईल म्हणून.”

अफशीन हसली नाही, रागावलीही नाही. “मावशी, गुण आला नाही हेही ऐकायलाच मला इथं बसवलंय. तुम्ही बरं म्हणालात, आणखी चार जणी बरं म्हणाल्या, तर उद्या ही गोळी कुणाच्याही घरात जाईल.”

“माझ्याच घरात चालली हुती. म्हणून तर आलेय.”

“मागचं आता पुसता येणार नाही. आजचं त्याच्याखाली लिहिते. डॉक्टरांनाही सांगावं लागेल. कदाचित गोळी बंद करतील.”

“करू द्यात.”

“मग तुमच्या झोपेचं दुसरं काहीतरी बघू.”

बाळाला मांडीवर घेऊन बसलेली रेश्मा सासूकडं बघत होती. “म्हंजी तुमी पण रातभर जाग्याच असता?”

“व्हय.”

“मंग हाक मारायची की, आत्या.”

“तू तरी कुठं मारलीस?”

दोघींच्या खोल्यांमधे एकच भिंत होती, तीही दत्तोबानं स्वतः घातलेली, साधी चार इंची.

अंगावर पाजणाऱ्या बाईला या चाचणीत घेत नाहीत, अफशीननं सांगितलं. पण डॉक्टरीणबाई आत आहेत, त्या आत्ताच बघतील. तिनं जाऊन दारावर टकटक केली. दार उघडलं. रेश्मा उठली, दोन पावलं गेली आणि बाळाला छातीशी धरून मागं वळली. कुशाबाईनं तिच्या वतीनं काही सांगितलं नाही. नुसते हात पुढं केले आणि बाळ घेतलं. रेश्मा रिकाम्या हातांनी आत गेली.

बाहेर बाकावर पणदरे गावची एक बाई पिशवी शेजारी ठेवून बसली होती. तिनं बाळाच्या टोपड्याकडं पाहिलं.

“नातू का? सून बरी हाय न्हवं?”

कुशाबाईनं शंभूराजला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“न्हाय. डॉक्टरला दावाय आणलीय.”

त्या बाईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून तिला बसायला जागा केली.