लंगोट मऊ होईपर्यंत

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला लंगोटातलं काय कळतं, असं दुकानदार तोंडाने म्हणाला नाही, एवढंच. मिस्त्रींनी त्याचं दुकान डोक्यावर घेतलं होतं. बटणांचे कापडी डायपर, चिकटपट्टीचे, आत घडी सरकवायचे, बाहेरून ससे छापलेले, सगळे काउंटरवर आले. बायको सशांवर भाळली होती. मिस्त्री मात्र प्रत्येकाची शिवण ओढून बघत होते, जणू त्याला माणसं टांगायची होती.

शेवटी साधे, नाडीचे, सुती लंगोट ठरले. घरात शांतता राहावी म्हणून एक सशांचाही घेतला.

बाळ केवढं, असं दुकानदाराने विचारलं. बायको म्हणाली, दीड महिन्याचं. आणि आहे कुठे? तर म्हणाली, अजून यायचंय. दुकानदाराने या गणिताचा नाद सोडला आणि पिशवी बांधली.

बाळ संस्थेत होतं. मुलगी. ती दत्तक यायची होती. मात्र जन्मदात्या आईला विचार बदलायला मुदत असते, ती संपेपर्यंत जीव लावू नका, असं संस्थेतल्या ताईंनी दोघांना बजावलं होतं. मिस्त्रींनी समजूतदारपणे मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी छताला पाळण्याच्या कड्या ठोकल्या.

सासूबाईंनी फोनवरून नवं काम लावून दिलं. कोरं कापड पाणी पीत नाही. उकळा, धुवा, वाळवा, खळ जाईपर्यंत पुन्हा तेच. मिस्त्री कामावरून आले की बादलीपाशी बसत. वाळलेल्या लंगोटावर पाण्याचा थेंब टाकत. तो वरच गोल बसून राहिला की लंगोट परत बादलीत. मधल्या वेळात उशीला लंगोट बांधायचा सराव चाले. उशी एकदाही रडली नाही, याचा त्यांना अभिमान होता. दोरीवर वाळणारे लंगोट बघून शेजारीण बायकोचं अभिनंदन करून गेली, आणि वर म्हणाली की पोट मुळी दिसलंच नाही तुमचं.

मग एका संध्याकाळी टाकल्या टाकल्या थेंब नाहीसा झाला. मिस्त्री बायकोला हाक मारणार, तेवढ्यात ताईंचा फोन आला. मुलीची आई परत आली होती. उद्या घेऊन जाणार होती.

बायको रडली नाही. तिने भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली. मिस्त्री म्हणाले, पोर आईकडे चाललीय, यात वाईट काय. पटेना, म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.

थोड्या वेळाने तिने लंगोटांचा ढीग मांडीवर घेतला आणि एकेक गालाला लावून निवडायला बसली.

"काय करतेस?"

"मऊ झालेत तेवढे तिला देऊ. तिला कोण धुऊन देणार?"

दुसऱ्या दिवशी संस्थेत ताईंनी दोघांना नीट समजावलं की असं भेटणं नियमात बसत नाही. मग आतलं दार उघडं ठेवून त्या चहा सांगायला गेल्या, त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

आत बाळाची आई होती. ती स्वतःच अजून पोरसवदा. दोघांना बघताच तिने बाळ छातीशी आवळलं. बायकोने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली. "घ्यायला नाही आलो," ती म्हणाली. "द्यायला आलोय."

पोरीने एक लंगोट उचलला, उलटा धरला, सुलटा केला, पुन्हा उलटा धरला. मिस्त्रींना राहवेना.

"दाखवू का, बाळा?"

तिने मुलीला टेबलावर ठेवलं. उशीला पाय नसतात, हे मिस्त्रींच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी दोन्ही टाचा हलकेच एका मुठीत धरल्या आणि नाडी बांधली. गाठ बसते न बसते तोच मुलीने लंगोट ओला केला. बाहेर थेंब आला नाही.

"बघितलंस? पितो," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ओला लंगोट सोडून बाजूला ठेवला.

दुसरा लंगोट पोरीने आपल्या हाताने बांधला. जरा सैल, पण बांधला. ओला गठ्ठ्यात घालायला निघाली, तशी बायको पहिल्यांदाच पुढे आली.

"तेवढा आम्हाला दे."

घरी आल्यावर मिस्त्रींनी सवयीने बादली भरली. बायकोने पर्समधून लंगोट काढला आणि तो तसाच दोन्ही हातांत धरून खाली बसली.

"अहो, धुऊ नका," ती म्हणाली.

मिस्त्री भरलेली बादली घेऊन मोरीच्या दारात उभे राहिले. ती कुठे ठेवावी, हे त्यांना सुचेना.