सात किलो आठशे

मित्रांनो, मी पारोळा तालुक्यातल्या एका गावच्या अंगणवाडीत टांगलेला जुना वजनकाटा आहे. किराणा दुकानातला नव्हे, बरं का! साखरेशी आणि डाळीशी माझं काही देणंघेणं नाही. माझ्या आकड्याला कापडी झोळी अडकवतात, झोळीत तान्हं मूल बसवतात, आणि माझ्या तबकडीवरची तांबडी सुई सरकत सरकत त्याच्या वजनापाशी थांबते. आजवर मी फक्त मुलंच तोलली आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात पोलादी स्प्रिंग, तोंडावर काच. तिथल्या तपासनिसाने माझ्यावर पाच किलोचं वजन सहा वेळा टांगलं. सहाही वेळा माझी सुई नेमकी पाचावर थांबली. त्याने माझ्या पाठीवर ‘तपासला’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि त्या चिठ्ठीचा मला भलताच गर्व झाला. खोक्यात बसून, जीपमधून धक्के खात मी या गावात आलो. पडवीच्या लोखंडी कडीला मला टांगलं, त्याला आता अठरा वर्षं झाली.

अंगणवाडीच्या सेविका प्रमिलाबाई. त्या मला दर महिन्याला फडक्याने पुसत आणि बायांना सांगत, “हा काटा कधी खोटं बोलत नाही.” ते ऐकून माझी छाती फुगायची. दोन वर्षांपूर्वी इथे एक चपटा इलेक्ट्रॉनिक काटा आला. मला कपाटावर ठेवून दिलं. पाली माझ्या काचेवर बसू लागल्या. पण त्या शहाण्याचा सेल सारखा उतरायचा, आणि सेल उतरला की सगळ्यांना माझी आठवण व्हायची. शेवटी मलाच पुन्हा कडीला टांगलं. असो. माझा स्वभाव जरा कुरकुरा आहे, तो तुम्ही मनावर घेऊ नका.

मुलं माझ्यावर कशी बसतात, ठाऊक आहे? आकांत करतात. पाय झाडतात, झोळी ओली करतात, माझी सुई धरायला बघतात. सुई थरथरते आणि प्रमिलाबाईंना आकडा वाचता वाचता नाकी नऊ येतात. मला तो गोंधळ आवडतो. भरल्या अंगाचं मूल स्वस्थ बसत नाही, हे मी अठरा वर्षांत शिकलो आहे.

आता मी तुम्हाला चिंधीची गोष्ट सांगतो. ती आठवली की अजूनही माझी स्प्रिंग गार पडते.

चिंधीचं वहीतलं नाव वृषाली. पण तिच्या आधी झालेला भाऊ, भूषण, सात महिन्यांचा होऊन गेला होता. म्हणून तिच्या आजीने, धुरपदाबाईंनी, तिला चिंधी म्हणायला सुरुवात केली. फाटक्या चिंधीकडे कोण बघतं? दृष्ट लावणाऱ्याने बघू नये, नेणाऱ्याने नेऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. धुरपदाबाई वाईट नव्हत्या. नातीवर त्यांचा इतका जीव होता की ती झोपली तरी तिच्या नाकापाशी बोट धरून त्या श्वास बघत बसायच्या.

दिवाळीनंतरच्या महिन्यात चिंधीची आई सपना तिला घेऊन आली. पोर तेरा महिन्यांची होती. सात किलो आठशे. थोडी कमी, पण बरी. प्रमिलाबाईंनी तिचा स्वेटर काढायला हात घातला तशी सपना पटकन म्हणाली, “उघडी करू नका ताई, नजर लागस.” रांगेत अजून तीस मुलं होती आणि वारा झोंबत होता. प्रमिलाबाईंनी हात मागे घेतला.

पुढच्या महिन्यात चिंधी आली. सात किलो आठशे.

त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा आली. सात किलो आठशे.

मित्रांनो, माणसांना तो एकच आकडा दिसत होता. मला मात्र झोळीत काय बसलं आहे ते कळत होतं. मांसाचं वजन ऊबदार असतं. ते हलतं, श्वासागणिक थोडं वर-खाली होतं. चिंधीचं हे वजन दर महिन्याला कमी होत होतं. आणि जेवढं कमी होत होतं, तेवढंच दुसरं काहीतरी तिच्या कमरेपाशी वाढत होतं. ते गार होतं. ते श्वास घेत नव्हतं. कुणीतरी मोजून मापून, पोर काढून घेत होतं आणि तिच्या जागी ते गार काहीतरी भरत होतं. हे काय आहे ते मला कळेना. माझी भीतीने गाळण उडाली, पण सुई तिथेच उभी. मी खरं तेच सांगत होतो आणि तरीही सगळ्यांना फसवत होतो.

आणखी एक गोष्ट. चिंधी रडेनाशी झाली होती. ती झोळीत शांत बसायची आणि माझ्या काचेकडे एकटक बघायची. डोळ्यांची पापणी लवायची नाही. त्या काचेत तिला कोण दिसत होतं, कोण जाणे. बायका कौतुक करायच्या की पोर किती गुणाची आहे. मला वाटायचं, अरे, कुणीतरी तिला चिमटा काढा, कुणीतरी तिला रडवा! ती उतरून गेल्यावरही झोळी बराच वेळ हलत राहायची, वारा नसतानासुद्धा.

चौथ्या महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीत, चिंधीबरोबर सपना आणि धुरपदाबाई दोघी आल्या. सात किलो आठशे. प्रमिलाबाईंनी आकडा मोबाईलमध्ये भरला आणि त्यांचं बोट थबकलं. त्यांनी मागचे तीन महिने उघडून पाहिले. मग चिंधीच्या तोंडाकडे पाहिलं. गाल सुकले होते, केस भुरे झाले होते.

“हिचं खाणं कसं शे?” त्यांनी विचारलं.

“हगवण लागस सारखी,” सपना म्हणाली. “मंग आम्ही जेवण बंद करतस. भातनं पानी देतस.”

प्रमिलाबाईंनी पिशवीतून रंगीत पट्टी काढली. दंडाचा घेर मोजायची ही पट्टी तुम्ही पाहिली असेल. हिरवा रंग आला तर ठीक, पिवळा आला तर जपा, लाल आला तर ताबडतोब दवाखाना. त्यांनी चिंधीच्या स्वेटरची बाही वर केली, पट्टी गुंडाळली. अकरा सेंटिमीटर. लालभडक.

त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा अकरा.

आता मात्र त्या माझ्याकडे संशयाने बघू लागल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा! त्यांनी चिंधीला उतरवलं, कपाटातून पाच किलोचं वजन काढून माझ्या आकड्याला लावलं. सुई पाचावर थांबली. मी बरोबर होतो. पट्टीही बरोबर होती. मग झोळीत बसत होतं कोण? प्रमिलाबाईंच्या हातावर काटा उभा राहिलेला मी पाहिला.

त्यांनी हळूच चिंधीच्या स्वेटरखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला.

“आक्का,” त्या धुरपदाबाईंना म्हणाल्या, “हाई काय शे?”

स्वेटर वर केला तेव्हा दिसलं. चिंधीच्या कमरेला जाड कापडाचा एक पट्टा होता, आत काहीबाही शिवलेला. आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक वस्तू फलाणीच्या मऊ कापडात गुंडाळली होती. आजीने एकेक चाचपून सांगितलं. पहिल्या तापाला लोखंडी कडं. हगवणीला भोकाचे तांब्याचे पैसे. खोकल्याला घोड्याच्या नालेचा तुकडा आणि शिशाची गोळी. अंग सुकायला लागलं तसं एक पितळी कुलूप, जीव आत कुलूपबंद राहावा म्हणून. दर दुखण्याला एक वस्तू. पोर आजारी पडली की वजन घटायचं, आणि आजारी पडली की आजी पट्ट्यात भर घालायची. कुणी ठरवून केलं असतं तरी इतकं बिनचूक जमलं नसतं.

“पट्टा काढावा लागेल,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

धुरपदाबाईंनी नातीला छातीशी ओढलं. “हाऊ पट्टा सोडानं नही! कानबाई व्हई जावो, मंग सोडसूत. मी बोलेल शे.”

कानबाई आमच्या खानदेशाची देवी, तिला आजीने नवस बोलला होता. तिचा सण श्रावणात. श्रावणाला सहा महिने होते. चिंधीजवळ सहा महिने नव्हते. ते मला कळत होतं, प्रमिलाबाईंना कळत होतं, आणि बहुतेक सपनालाही कळत होतं, कारण ती पदर तोंडात धरून उभी होती.

“मना भूषणनं कडं दवाखानामा काढं,” धुरपदाबाई म्हणाल्या, “अन् दुसरा रोज तो गया. हाईच कडं शे ते.”

प्रमिलाबाई रागावल्या नाहीत. अंधश्रद्धा वगैरे शब्दही त्यांनी काढला नाही. त्यांनी चिंधीला, पट्ट्यासकट, पुन्हा माझ्या झोळीत बसवलं.

“सोडू नका आक्का. बांधेलच राहू द्या. फक्त पट्टा खाले हात लावा अन् उचली धरा.”

पट्टा दिवाळीला घट्ट होता. आता त्यात मोठ्या माणसाचे दोन्ही हात सहज गेले. धुरपदाबाईंनी तळव्यांवर पट्टा तोलून धरला.

माझी सुई मागे सरकली. सात सहाशे. सात तीनशे. सात. ती थांबेना. माझ्या पोटातली स्प्रिंग आक्रसत गेली आणि वाटलं, आता शून्यावर जाते की काय! सहा किलो आठशेवर ती थांबली.

धुरपदाबाईंनी घाबरून हात काढले. सुई पुन्हा सात आठशेवर. त्यांनी हात लावले. सहा आठशे. हात काढले. सात आठशे. तीनदा त्यांनी तसं केलं. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी हात काढले नाहीत. तसेच पट्ट्याखाली ठेवून त्या नातीकडे बघत राहिल्या. चिंधी त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्या काचेकडे बघत होती.

“इतलीशीच शे का मनी पोर?” त्या म्हणाल्या. “बाकीनी कोठे गयी?”



मग त्यांनी स्वतः पट्ट्याच्या गाठी सोडल्या. एकेक गाठ सोडताना त्या देवीचं नाव घेत होत्या. सुटलेला पट्टा त्यांनी सपनाच्या हातात दिला आणि लुगडं सावरून उभ्या राहिल्या. “माले बांध. जे येवानं शे ते माले येवो.” सपनाने रडत रडत सासूच्या कमरेला तो पट्टा बांधला. प्रमिलाबाईंनी फोन लावला, अर्ध्या तासात दवाखान्याची गाडी आली आणि तिघी धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या.

मित्रांनो, चिंधी वाचली. एकवीस दिवस ती तिथे होती. पहिले चार दिवस फार वाईट गेले, असं सपनाने नंतर सांगितलं. तिथल्या नर्सबाईंनी तिला शिकवलं, हगवण लागली तरी मुलाचं खाणं बंद करायचं नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरवायचं, साखर-मिठाच्या पुडीचं पाणी पाजायचं आणि दवाखान्यात दाखवायचं. वरणभातावर चमचाभर तेल, शेंगदाण्याचा कूट, केळं कुस्करून. आपल्याकडे केळ्यांना काय तोटा आहे?

पण गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर बरं झालं असतं.

गावात परतल्यावर एके दिवशी दुपारी धुरपदाबाई एकट्याच पडवीत आल्या. त्यांनी कमरेचा पट्टा सोडला आणि माझ्या आकड्याला अडकवला. झोळी नाही, मूल नाही, नुसता पट्टा. सुई एका किलोवर थांबली. प्रमिलाबाई बाजूलाच मोबाईलमध्ये नोंदी भरत बसल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता धुरपदाबाईंनी विचारलं, “भूषणले बी असंच व्हतं का वं?”

“माले माहीत नही आक्का,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “तवय मी बी त्याना कपडा काढी देखं नही.”

मला माहीत होतं. भूषण माझ्यावर पाच वेळा बसला होता. शेवटचे तीन महिने त्याची सुई एका जागी उभी होती आणि शेवटच्या महिन्यात तोही रडला नव्हता. त्या बाळाच्या अंगावरचा गारवा मी ओळखायला हवा होता. पण मला बोलता येत नाही, आणि ज्या सुईने मला बोलता येतं ती बाळाच्या आणि त्या गार ओझ्याच्या वजनाची बेरीजच सांगते. त्या दिवशी माझ्या पाठीवरच्या त्या चिठ्ठीची मला लाज वाटली. धुरपदाबाई पट्टा तिथेच सोडून भिंतीला टेकून बसल्या आणि कितीतरी वेळ रडल्या. प्रमिलाबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्याही रडल्या.

तेव्हापासून महिन्याच्या वजनाच्या दिवशी धुरपदाबाई सगळ्यांच्या आधी येऊन पडवीच्या पायरीवर बसतात. त्यांना कुणी बोलावत नाही, कुणी पगार देत नाही. रांगेतल्या प्रत्येक आईला त्या अडवतात. “स्वेटर काढ वं माय, मंग टांग.” आणि मग आपले सुरकुतलेले, गार हात त्या प्रत्येक बाळाच्या झबल्याखाली घालून कमर चाचपतात, दंड चाचपतात, काहीतरी शोधतात. बाळं दचकतात. काही आयांना राग येतो, काही जणी हळूच म्हणतात की म्हातारीचं डोकं फिरलं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं तान्हं भावंड असेल. त्याला वजनाला नेलं आणि एखादी म्हातारी अशी हात पुढे करून आली, तर घाबरू नका. आईला सांगा, तिला बघू दे.