बाटलीतलं गोड पाणी

दवाखान्याच्या पायरीवरच कौसल्याने नवऱ्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड हुंगलं. बाकावरच्या बाया पदराआड हसल्या.

"लोकं पाहून राह्यले ना," उकंडा पुटपुटला.

"पाहू द्या. घरी बसून फुगून राह्यले तुमी, ते कायच्यानं?"

तीन वर्षांपूर्वी त्याची कावीळ उतरली. पण तिचा विषाणू रक्तात राहिला तो कायमचा. दारूला शिवायचं नाही, असं तेव्हाच बजावलं होतं. कौसल्याचा भाऊ अश्वजित त्याच साली ह्याच दुखण्याने गेला होता. कापूस वेचायला बाया मिळत नव्हत्या, तरी तिने उकंडाला वावरात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"लिव्हरवर चरबी चढलीय, साखरही वाढलीय. आधीच आजारी लिव्हर, त्यावर हे. असंच चाललं तर ते निकामी होईल. भाऊ, खरं सांगा. घेता का?"

उकंडाने कौसल्याकडे पाहिलं. तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती.

"घेतो," तो म्हणाला. "कधी कधी."

"पाहा बाई!" कौसल्या ताडकन उठली. "अन् मी यायले खाटेवरून उठू देत नाही! दिवसातून चार खेपा ग्लुकोजचं पानी पाजतो. तीन सालात एक दिवस चुकला नाही!"

तिने पिशवीतली बाटली टेबलावर आदळली. तळाशी पांढरा साका हलला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"चार वेळा? रोज?"

दाराशी उभ्या असलेल्या शीला सिस्टर म्हणाल्या, "मागच्या खेपेला तुम्ही औषधं घ्यायला गेलात तेव्हाच मी यांना सांगितलं होतं, की ते ग्लुकोज बंद करा, रोज पायी फिरा. घरी सांगतो म्हणाले होते."

उकंडा नखाने टेबलाचा पोपडा खरवडत राहिला. कौसल्या हळूच खाली बसली. तिने पुन्हा त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

दोघं बाहेर पडले. स्टँडवर गावाची एसटी लागली होती.

"काहून नाही सांगतलं मले? अन् घेतो म्हनून खोटं काहून बोलले?"

"कसं सांगू?" उकंडा चपलेकडे पाहत म्हणाला. "दर खेपी अश्वजितचं नाव घेऊन पाजत होती तू. म्हने, त्याले कोनी पाजलं असतं तं वाचला असता."

कौसल्याने बाटलीचं झाकण उघडलं. नळाजवळ जाऊन ती उपडी केली, तीनदा विसळली आणि साधं पाणी भरलं. कंडक्टरने घंटी दिली.

"अवो, गाडी चालली," उकंडा म्हणाला.

"जाऊ द्या."

पदर खोचून ती पायीच गावाकडच्या, राळेगावच्या रस्त्याला लागली. दहा पावलांवर थांबली, मागे न पाहता. त्याच्या चपलांचा आवाज जवळ आला, तशी पुन्हा चालू लागली.