सूर्य मावळल्यावरची पंगत

“दुपारी मी चूल पेटवत नाही, दादा. जेवण संध्याकाळी असन तर स्वयंपाक माझा. दुपारी असन तर दुसरं कोणी पाहा.”

मनकर्णा हे बोलली तेव्हा नाताळाची तयारी ठरवायला बसलेल्या सभेत कोणीतरी खोकलं. खापरखेड्याच्या वीज कामगारांच्या वसाहतीत ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच होती. नाताळाच्या उपासनेनंतर ती सगळी मिळून जेवत. त्याला प्रीतिभोजन म्हणायचं. वसाहत वसल्यापासून त्या जेवणाचं मटण मनकर्णाच्या हातचं असे. एरवी ती दवाखान्यात दाईचं काम करायची. पण नाताळच्या दिवशी भिवापुरी मिरचीचा तिचा रस्सा खायला नागपूरहून पाळकसाहेबसुद्धा उपासना उरकली तरी थांबून राहत.

ख्रिस्ती मंडळीचा कारभार पाहणारे ‘वडील’ होते तिचे सख्खे थोरले भाऊ, मनोहरराव. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“काहून?” त्यांनी विचारलं.

“माझ्या बाजूच्या क्वार्टरात नवीन लोकं आले ना, करामत मिस्त्री अन् रुकय्या. मी त्याइले जेवाले बोलावलं. त्याइचे रोजे सुरू आहेत. सूर्य मावळल्याबिगर ते पाणी पेत नाही.”

सहासष्ट सालचा तो नाताळ ऐन रमजानात आला होता, आणि रविवारीही.

करामत मिस्त्री पावसाळ्यात पारसच्या वीजघरातून बदलून आला होता. त्याची बायको रुकय्या बाळापूरची. बोलणं अस्सल वऱ्हाडी. पण क्वार्टरांच्या लाइनीतल्या बायकांनी ते ऐकायची तसदी घेतली नव्हती. ती नळावर आली की घागरी पटापट उचलल्या जात. नवरात्रात हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावलं नाही, ते समजण्यासारखं होतं. पण कोजागिरीचं दूधही तिच्या दाराला वळसा घालून पुढे गेलं. सप्टेंबरात मनकर्णाला हिवतापानं धरलं. नवरा देवराव पाळीवर होता. शेजारून रुकय्या आपण होऊन आली, कपाळावर घड्या ठेवत बसली, तांदळाची पेज भरवून गेली. बरी झाल्यावर मनकर्णानं तिला चहाला बोलावलं आणि मग दोघींचं येणंजाणं सुरू झालं.

डिसेंबरात मनकर्णा अंगणात कागदी चांदणी टांगत होती, तेव्हा तिनं सहज म्हटलं, “नाताळले आमच्याइकडे जेवा बरं सगळे.”

रुकय्या हसली. “येतो ना बाई. रोजे आहेत आमचे, पण त्यानं काय होते? तुमी जेवा. आमी बाजूले बसून राहू. गोष्टी करू.”

ती हे इतक्या सरळपणे म्हणाली, की मनकर्णाच्या हातातली सुतळी तशीच राहिली. पाहुणा उपाशी बाजूला बसणार आणि आपण त्याच्या समोर रस्सा ओरपणार. दिवसभर ते चित्र तिच्या डोळ्यांपुढून जाईना. संध्याकाळी तिनं देवरावला सांगितलं, “जेवण संध्याकाळी झालं पाहिजे.”

देवराव भिडस्त माणूस. “दादा ऐकतीन?” एवढंच तो म्हणाला.

सभेत दादा ऐकत होते, पण वेगळ्या रीतीनं. ते आवाज न चढवता म्हणाले, “बोलाव त्याइले. चांगलंच आहे. दुपारीच बोलाव. जेवले नाही तरी चालते. पाळकसाहेब राहतीनच, दोन शब्द त्याइच्यासाठी सांगतीन. कोणाले ठाऊक, प्रभूनंच त्याइले इथं धाडलं असन.”

दोघाचौघांनी माना डोलावल्या. मनकर्णाची मान हलली नाही.

“मी त्याइले जेवाले बोलावलं, दादा. पकडाले नाही.”

“मनकर्णे, शब्द सांभाळून बोल.”

“सांभाळूनच बोलून राहिली. त्याइनं आपल्या घरी यावं, पोटभर जेवावं अन् जसे आले तसे घरी जावं. बस.”

“आणि आपला सण? आपल्या तारणाऱ्याचा जन्मदिवस आपण दुसऱ्याच्या रोज्याच्या हिशोबानं करायचा?” भावनेच्या भरात दादा पुस्तकी मराठी बोलत. “नागपूरचे लोक बसनं परत जातात. पाळीवर जाणारे असतात. थंडी असते. हे सगळं एका घरासाठी?”

“हो. एका घरासाठी.”

मग ती थोडी थांबली. पुढचं बोलावं की नाही, हे तिला ठरवायचं होतं. शेवटी ती बोललीच.

“दादा, तुले भिवापूरचं लग्न आठवते?”

मनोहररावांचा चेहरा बदलला. त्यांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी गावात एक लग्न होतं. दोघं लहान होती. पंगतीत बसली, पत्रावळ समोर आली, आणि एकानं येऊन त्यांना उठवलं, तुमचं मागून वाढू म्हणाला. आठ-नऊ वर्षांच्या मनोहरनं धाकट्या बहिणीचा हात धरला आणि तिला मांडवातून सरळ बाहेर काढलं. ती रडत होती, तिला भूक लागली होती. घरी येईपर्यंत त्यानं तिचा हात सोडला नव्हता.

“आठवते,” मनोहरराव म्हणाले. आता ते घरच्या बोलीत आले होते. “म्हणूनच तर सांगतो. तेव्हापासून मी ठरवलं, आपली पंगत आपली. ती कोणाच्या म्हणण्यानं उठणार नाही, कोणाच्या म्हणण्यानं बसणार नाही. इथं येवढी घरं जमवाले माही उमर गेली, मनकर्णे.”

ते खोटं नव्हतं. मनकर्णाला ते ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, “तू मले उठवून नेलं, ते मी विसरली नाही. पण तेव्हा मले काय वाटत होतं सांगू? कोणीतरी यावं अन् म्हणावं, बस वं पोरी, जेव. कोणीच आलं नाही.”

सभा तिथंच मोडली. जेवण दुपारीच ठरलं.

मंडळीची मोठी पातेली दादांच्या घरी असत. ती मनकर्णानं मागितली नाहीत. रुकय्याला कळलं तेव्हा ती घाबरीघुबरी झाली. “बाई, आमच्यापायी भावाशी वाकडं घेऊ नका. आमी येतच नाही म्हणजे झालं.”

“तुमी नाही आले तरी मी संध्याकाळीच शिजवतो,” मनकर्णा म्हणाली. “आता ठरलं ते ठरलं. मले येवढं सांगा, रोजा कशानं सोडता?”

“खजूर. नसली तर घोटभर पाणीबी चालते.”

देवरावनं नागपूरच्या इतवारीतून खजूर आणला. मटण कुठून घ्यायचं हे मनकर्णानं करामतलाच विचारलं, आणि त्यानं सांगितलेल्या कामठीच्या खाटकाकडून ते आलं. रुकय्यानं सासरची तांब्याची देग आणून दिली. तिला कल्हई करून घेतली होती. मुसलमानाच्या भांड्यात शिजणार हे लाइनीत पसरलं, आणि येतो म्हणालेली दोन घरं आयत्या वेळी नाही म्हणाली.

नाताळच्या सकाळी मनकर्णा वसाहतीच्या हॉलमध्ये उपासनेला गेली, नेहमीच्या जागी बसली, सगळ्यांना ‘नाताळ मुबारक’ म्हणाली. हॉलमागून दुसऱ्या कोणाच्या तरी फोडणीचा वास यायला लागला तेव्हा ती देवरावला घेऊन घरी आली. दादांनी थांब म्हटलं नाही. तिनंही वळून पाहिलं नाही. दुपार कलल्यावर तिनं अंगणात तीन दगड मांडले आणि चूल पेटवली.

ऊन उतरलं तसे लोक आले. थोडेच. सकाळच्या पाळीमुळे दुपारची पंगत चुकलेले कोळसा यार्डातले दोन गडी, त्यांच्या बायका-पोरं, आणि हॉलचा म्हातारा चौकीदार कवडू. त्यानं दुपारीही हात मारला होता. “त्या मटणात मीठच नव्हतं वं,” तो म्हणाला आणि सतरंजीवर ऐसपैस बसला.

करामत मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून, आपल्या लहान मुलीचा हात धरून आला. रुकय्याच्या हातात शेवयांचं भांडं होतं. दोघंही अवघडलेली होती. सगळ्यांच्या पुढ्यात पानं होती आणि कोणीच पानाला हात लावत नव्हतं. चिमण्यांचा गलका होता. वीजघराच्या राखेच्या ढिगापलीकडे सूर्य टेकला. यार्डातल्या गड्याच्या पोरानं पानातली शेव उचलली, तसा त्याच्या आईनं त्याच्या हातावर हलकेच चापट मारली.

“लेकराले खाऊ द्या,” रुकय्या चटकन म्हणाली. “लेकरांचा रोजा नसते.”

त्या वाक्यासरशी अंगण सैल झालं. सगळे हसले.

करामतनं आकाशाकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि खजूर तोंडात टाकला. पाणी प्याला. मग संकोचून म्हणाला, “दीदी, पाच मिनिट नमाज पढून घेऊ का?”

“घरात जागा केली आहे,” मनकर्णा म्हणाली. पण आत जाताच तिच्या ध्यानात आलं, की नमाज ज्या पश्चिमेकडे तोंड करून पढतात, त्याच भिंतीवर मेंढपाळ येशूची तसबीर आहे. तिनं ती काढायला हात वर केला.

“राहू द्या, दीदी,” करामत दारातून म्हणाला. “ते तुमचं घर आहे. मी अंगणात पढतो.”

त्यानं अंगणाच्या कोपऱ्यात चादर अंथरली. तो वाकला, टेकला, उठला. रस्त्यावरून जाणारे दोघं-तिघं थांबून बघत राहिले. मनकर्णा फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघत राहिली, ते निघून जाईपर्यंत.

तो परत पंगतीत बसल्यावर देवराव उठला. चारचौघांत त्यानं कधी प्रार्थना केली नव्हती. ते काम दादांचं. त्यानं डोळे मिटले. “प्रभू, आज तू जन्मला. आम्ही सगळे जेवाले बसलो. आमेन.” त्याला पुढचं सुचलंच नाही. तेवढंच पुरलं.

रस्सा तिखट होता. करामतच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं पुन्हा वाढून घेतलं. काळोख पडताना चारुलता वहिनी, मनोहररावांची बायको, एकटीच आली. तिनं डोक्यावरून पदर घट्ट ओढला होता. “ह्याइले सांगितलं नाही मी,” ती म्हणाली. रुकय्यानं सरकून तिला शेजारी जागा दिली. वहिनीनं क्षणभर त्या तांब्याच्या देगेकडे पाहिलं, मग भाकर मोडली.

वहिनी निघाली तेव्हा मनकर्णानं विचारलं, “दादा जेवला का दुपारी?”

“बसले पानावर,” वहिनी म्हणाली. “जेवले नाही.”

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी उपासनेला मनकर्णा हॉलमध्ये शिरली तेव्हा बायकांच्या बाजूची सतरंजी जवळजवळ भरली होती. ती पुढच्या रांगेत आपल्या जागेवर जाऊन बसली. डावीकडची बाई जराशी सरकली. मग उजवीकडची. बघता बघता तिच्या दोन्ही बाजूंना सतरंजीचे पट्टे उघडे पडले. चारुलता वहिनी मागच्या रांगेत होती. तिनं मान खाली घातली आणि गीतांचं पुस्तक चाळत राहिली.

समोर टेबलापाशी मनोहरराव उभे होते. त्यांनी ते सगळं पाहिलं. गीताचा आकडा सांगितला. टेबलावरच्या पेटीवर बोटं ठेवली, पण भाता दाबण्याआधी त्यांचा हात नेहमीपेक्षा अंमळ रेंगाळला.

मनकर्णानं पदर सावरला, पाठ ताठ केली, आणि पेटीची वाट न पाहता गायला सुरुवात केली. सूर चांगला वरचा लागला होता. पहिली ओळ ती एकटीच गायली. भिंतीशी उभ्या देवरावनं दुसरी धरली. मनोहररावांची बोटं पेटीच्या पट्ट्यांवर तिचा सूर शोधत एक-एक घर वर सरकत गेली, आणि तो सापडल्यावर त्यांनी डोळे मिटून भाता दाबला.