तेजाची पुडी

गुरुवारी रहिमतपूरच्या माळावर उभं राहायलाही जागा नसे. सांधे धरलेले, धाप लागलेले, अंगावर चट्टे उठलेले, सगळे भस्मनाथ महाराजांच्या मांडवात. रोग कुठलाही असो, गुळातून घ्यायची अंगाऱ्याची पुडी एकच. आठवड्यात म्हातारी चालायला लागे, दमेकरी जेवायला मागे आणि दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाचा चेहरा गोल गरगरीत होई.

"हे तेज हाय," महाराज सांगत. "देवी गालात मुक्कामाला येती."

एवढ्या गालांना एकटी देवी पुरी कशी पडते, असं दीपमालाच्या मनात येई. वर्षापूर्वी तिच्या आईच्या, बाळाबाईच्या गालांतही देवी उतरली होती. मग महाराज काशीला गेले, पुड्या संपल्या आणि चार दिवसांत बाळाबाई गेली. परतल्यावर महाराज म्हणाले, "श्रद्धा कमी पडली."

वडील धोंडिराम तेव्हापासून ते ओझं वाहत होते. आता धाकट्या अक्षताच्या नाकागालांवर आईसारखाच लाल चट्टा उठला होता. ऊन सोसत नव्हतं, बोटं सुजत होती. या खेपेला कमी पडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"आबा, आपण बौद्ध. आपल्याला देवीचा अंगारा कसा?" दीपमालानं विचारलं.

"महाराजांनी सोय केलीया. आपल्या पुडीवर मंतर म्हणत न्हाईत. देव वगळून देत्यात."

देव वगळूनही अक्षताच्या बोटांची सूज उतरली. पण पायांवर सूज दिसू लागली, तशी दीपमाला तिला सांगलीला डॉ. संयोगितांकडे घेऊन गेली. रोगाचं नाव निघालं ल्यूपस. पहिली गोळी जिभेवर ठेवताच अक्षता थांबली.

"ताई, ही तर गुळाआडच्या अंगाऱ्याचीच कडू चव."

डॉक्टरांनी पुडी तपासायला पाठवली. राखेत तीच गोळी कुटलेली होती: स्टिरॉइड.

"रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपली फौज," डॉक्टरांनी समजावलं. "लढायचा हुकूम आला की पेशीतल्या प्रथिनांना फॉस्फेटचे टिळे लागतात. काम झालं की ते पुसायला फॉस्फेटेज नावाची विकरं असतात. ल्यूपसमध्ये या पुसणाऱ्यांचा ताळ सुटतो, असं संशोधकांना दिसू लागलंय. सगळं अजून कळलेलं नाही. फौज मग आपल्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर चालून जाते. स्टिरॉइड तिला शांत करतं. दमा, चट्टे, सांधे, सगळ्यांना गुण येतो तो यामुळं. पण फार दिवस घेतलं की चेहरा सुजतो आणि शरीर स्वतःचं तसलं रसायन करायचं सोडून देतं. एकदम थांबवलं तर माणूस कोसळतो."

"किती दिवसांत?" दीपमालानं विचारलं.

"दोन-चार."

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांना बरोबर घेऊन ती मांडवात उभी राहिली. "महाराज, आमच्या पुडीवर मंत्र नव्हता. तरी गुण आला. मग गुण कशाचा?"

"देवी उदार हाय, बाई. वगळलं तरी येती."

"आवं महाराज," पुढं बसलेली साळूबाई म्हणाली, "मग आमच्याकडनं मंतराचा नारळ कशापायी घेतासा?"

हशा पिकला. दीपमालानं पुडी उघडली. "गुळाशिवाय चाखा. शेणीची राख एवढी कडू असते का?"

"ती तुमच्या पापाची चव," महाराज गरजले.

"समद्यांचं पाप एकाच चवीचं व्हय?" म्हणत निवृत्त सुभेदार दादासो उठले आणि महाराज पुड्या बांधत त्या मागच्या खोलीत सरळ शिरले. बाहेर आले ते गोळ्यांचे डबे आणि खलबत्ता घेऊन. बत्त्याला पांढरा भुगा चिकटलेला होता. डॉक्टरांनी डब्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि पुडीत काय आहे ते सगळ्यांना सांगितलं. महाराजांना अचानक ध्यान लागलं.

लोक चिडून पुड्या भिरकावू लागले.

"फेकू नका," दीपमाला म्हणाली. "आज राग काढाल आणि परवा अंथरूण धराल. पुडी घेऊन डॉक्टरांकडं जा, त्या हळूहळू कमी करतील. आणि इथून पुढं कुणी काही खायला दिलं तर आत काय आहे ते विचारा. जो सांगणार नाही, त्याच्या हातचं घेऊ नका."

धोंडिराम तिच्याजवळ आले. "म्हंजी तुझ्या आईची श्रद्धा..."

"पुरेशी होती, आबा. पुड्या संपल्या होत्या."

धोंडिरामांनी तिच्या हातातली अक्षताची पुडी नीट घडी घालून खिशात ठेवली.

"सांगलीची गाडी कवा हाय?" त्यांनी विचारलं.